प्रोजेक्टसाठी संशोधनाचे पेपर शोधताय? साधं गूगल, स्कॉलर की पबमेड

विषय नवीन असला की सुरुवात साध्या गूगलवरच करा, त्यात लाजायचं काही नाही, कारण त्या विषयातले लोक नेमके कुठले शब्द वापरतात हेच आपल्याला आधी माहीत नसतं. पण ते शब्द हाताला लागले की तिथून बाहेर पडा, कारण वर येणारं बरंचसं जाहिरात नाहीतर इकडून तिकडून उचललेलं असतं.

मग गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचंच, पण अभ्यासाचे पेपर शोधणारं, २००४ पासून आहे आणि मी तरी मुख्य काम इथेच करते. का, तर 'सायटेड बाय'. एक चांगला जुना पेपर सापडला की त्याच्या खालच्या या लिंकवर क्लिक करायचं, मग त्याचा आधार घेऊन पुढे कोणी काय केलं, कोणी तो खोडला, सगळी साखळीच उलगडते, अर्धा प्रोजेक्ट इथेच होतो खरं तर. पेपर पैसे मागत असेल तर लगेच सोडू नका, 'ऑल व्हर्जन्स' उघडा, बऱ्याचदा लेखकानेच ठेवलेली फुकट पीडीएफ मिळते. फक्त स्कॉलरमध्ये दिसलं म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेलं असतं असं नाही हां, प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच टाकलेले पेपर), पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स, सगळं एकाच यादीत येतं, आणि वर्षाचा फिल्टर लावला नाही तर जुनेच पेपर वर येत राहतात.

आजार, औषधं असा विषय असेल तर मात्र थेट पबमेड, वैद्यकीय पेपर शोधायची साइट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, १९९६ चं, आणि त्यात 'मेश' नावाची ठरावीक शब्दांची यादी असते त्यामुळे तुम्ही 'हार्ट अटॅक' टाकलं तरी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' (त्याचंच वैद्यकीय नाव) वाले पेपर सुटत नाहीत. फक्त रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा आढावा) किंवा क्लिनिकल ट्रायल (माणसांवर घेतलेली उपचारांची चाचणी) दाखव असंही सांगता येतं, स्कॉलरमध्ये एवढी चाळणी नाही. पूर्ण पेपर फुकट हवा तर पबमेड सेंट्रल बघा.

सिमँटिक स्कॉलर हे पेपर शोधायचं आणखी एक साधन, ते बऱ्याच पेपरखाली मशीनने काढलेला एका ओळीचा सारांश देतं, पन्नास पेपरमधले दहा निवडायला भारी, पण त्या ओळीवरून काही लिहू नका, पेपर उघडाच. गूगलसारखंच सर्च इंजिन असलेलं डकडकगो तुमचा माग ठेवत नाही हे चांगलंच, पण रिझल्ट बरेचसे बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनचे असतात, त्यामुळे पेपर शोधायला वेगळा फायदा नाही.

आणि चॅटबॉटने एखादा पेपर सुचवला तर त्याचं शीर्षक अवतरण चिन्हांत टाकून स्कॉलरमध्ये शोधा, तिथे नाही मिळालं तर जर्नलच्या साइटवर बघा, कुठेच नसेल तर तो संदर्भ काढून टाका.