रिक्षाचा भोंगा की व्हॉट्सॲप? तालुक्याच्या टॉकीजसाठी

शुक्रवारी नवा पिक्चर लागतो. ट्रेलर गावातल्या पोरांनी मोबाइलवर चार वेळा पाहिलेला असतो, गाणी लग्नाच्या वरातीत वाजून झालेली असतात. माहीत नसतं ते एवढंच, की तो आपल्या टॉकीजला लागलाय आणि खेळ किती वाजता आहेत. पिक्चरची जाहिरात निर्माता करतो. आपल्याला, टॉकीजवाल्यांना, वार, वेळ आणि तिकिटाचा दर घरोघरी पोचवायचा असतो, तोही आठवड्याला दोन हजारांच्या आत.

वडिलांकडून टॉकीज माझ्याकडे आली त्याला आठ वर्षं झाली. एवढ्या काळात जवळजवळ सगळं करून पाहिलं. डिस्ट्रिब्यूटरकडून पोस्टरं येतात, पण चिकटवायला भिंती उरल्या नाहीत. घरमालक भांडायला येतो, आणि विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे तो वेगळाच. फ्लेक्सला परवानगी काढा, भाडं भरा, आणि दर शुक्रवारी नवा छापा. पेपरात टाकलेली पत्रकं पेपर उघडतानाच खाली पडतात आणि केरात जातात. माझ्यापुरते शेवटी दोनच पर्याय उरले, रिक्षावरचा भोंगा आणि व्हॉट्सॲप. तुम्हीही याच दोहोंत अडकला असाल तर हे तुमच्यासाठी.

व्हॉट्सॲपची बाजू आधी मांडतो, कारण सुरुवातीला माझा कल तिकडेच होता. खर्च शून्य. सकाळी पोस्टरचा फोटो, खाली चार खेळांच्या वेळा, तिकिटाचा दर, झालं काम. कॉलेजची पोरं पाच-सहाच्या घोळक्यानं येतात आणि त्यांचं ठरतं ते मोबाइलवरच. भिशीच्या बायका तर माझं आवडतं गिऱ्हाईक. ‘अकरा तिकिटं ठेवा, बाल्कनी, तीनचा खेळ’ असा एक मेसेज येतो आणि अकराच्या अकरा जणी वेळेवर हजर असतात. ही सोय भोंग्यात नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

अडचण पुढे सुरू होते. एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची ब्रॉडकास्ट लिस्ट असते, तिच्यात २५६ जण बसतात, आणि मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. मी तिकीट खिडकीवर नंबर मोठ्या अक्षरात लावला. लोक त्याचा फोटो काढतात, सेव्ह करणारे थोडे. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं घेता येतात, पण सगळ्यांना बोलायची मुभा दिली की आठवड्याभरात सुप्रभात आणि वाढदिवस सुरू होतात, आणि मुभा काढून घेतली की लोक ग्रुप म्यूट करतात. तरीही फुकटातलं काम म्हणून तक्रार नव्हती.

भोंग्याला पैसे लागतात. मला रिक्षा दिवसाला आठशेला पडते, इंधन धरून. मी दोन दिवस घेतो, शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा आठवडी बाजार. शिवाय कटकटी आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे लेखी परवानगी काढावी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर असेल तर तिथे १०० मीटरच्या आत आवाज करायचा नाही. आमच्याकडे शाळा आणि सरकारी दवाखाना मुख्य रस्त्यावरच शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे गर्दीचा सगळ्यात चांगला तुकडा रिक्षा मुकाट्यानं पार करते. आजारी माणसाच्या उशाशी पिक्चरची जाहिरात नको, हे मलाही पटतं. निवडणूक लागली की मात्र खरी पंचाईत होते. भोंग्याच्या सगळ्या रिक्षा उमेदवारांकडे जातात आणि तीन आठवडे आपल्याला कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट शिकायला मला वर्ष लागलं. चालत्या रिक्षातून लांबलचक वाक्य कुणालाच ऐकू जात नाही. घराच्या दारात उभ्या असलेल्या बाईच्या कानावर आठ-दहा सेकंदांचा आवाज पडतो. त्यात पिक्चरचं नाव, वेळ आणि दर आला पाहिजे, नाहीतर ती पुन्हा आत जाते. ‘तमाम रसिक प्रेक्षकांना’ वगैरे मी पहिल्याच वर्षी काढून टाकलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपल्या पहिल्या चित्रपटाची जाहिरात करताना ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत, असं सांगितलं होतं. तासन् तास चालणारी नाटकं बघायची सवय असलेल्या माणसाला पैशाच्या बदल्यात काय पदरात पडणार, ते त्याला कळेल अशा मापात सांगायचं! मी रेकॉर्डिंग लिहायला बसतो तेव्हा हे डोक्यात असतं.

याचा पडताळा मला सप्टेंबर २०२५ मध्ये आला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझं स्टॉलचं, म्हणजे खालच्या स्वस्त जागांचं तिकीट ८० चं होतं, ते ७५ केलं. ग्रुपवर टाकलं, भरपूर अंगठे आले. मग भोंग्यावर एकच ओळ घातली, ‘पंच्याहत्तर रुपयांत पिक्चर, ऐंशी नाही, पंच्याहत्तर.’ शनिवारी खिडकीवर बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका मुठीत नेमके पैसे मोजून उभ्या होत्या. ही काही मोजणी नव्हे. पण सुट्टे द्यायला बसलेल्या आमच्या बुकिंग क्लार्कला त्या दिवशी गल्ल्यातली चिल्लर फारशी काढावीच लागली नाही, एवढं मी स्वतः पाहिलं.

तरीही केवळ यावरून मी ठरवलं नसतं. ठरलं ते एका एप्रिलच्या रविवारी.

दुपारी अडीचच्या सुमारास दोन मोटारसायकली आवारात आल्या. नवरा, बायको, भाऊ, दोन लहान मुलं आणि मागे बसलेली म्हातारी आजी. सतरा किलोमीटरवरच्या गावातून, भर उन्हात. त्यातल्या थोरल्यानं मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, ‘मालक, ह्या पिक्चरची सहा द्या.’ स्क्रीनवर माझंच पोस्टर होतं. खाली मीच लिहिलेलं, ‘आज शेवटचा दिवस, सहकुटुंब पाहा.’ तो पिक्चर उतरून तीन आठवडे झाले होते. फोटो कुठल्या तरी ग्रुपमधून फिरत फिरत त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर त्या सकाळी पोचला होता, आणि ‘आज’ म्हणजे त्यांच्यासाठी तो रविवार.

पडद्यावर त्या वेळी कोयते आणि बंदुकांचा पिक्चर चालू होता. मी म्हटलं, पैसे देऊ नका, बसा तरी, पंख्याखाली. थोरला म्हणाला, ‘नको, लेकरं भितील.’ आजी पायरीवर बसली होती. तिनं तांब्याभर पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि धाकट्या नातवाला म्हणाली, ‘चल, परत येऊ कवातरी.’ मी फाटकापर्यंत गेलो. दोन्ही गाड्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत उभा होतो.

चूक माझी होती. तारीख न घालता ‘आज’ लिहिलं. पुढे प्रत्येक फोटोवर तारीख आणि वार ठळक घालू लागलो. तरी त्यानंतर दोनदा तेच झालं, कारण पुढे पाठवणारा कधी फोटो कापून पाठवतो, कधी आपल्याच शब्दांत ‘आपल्या टॉकीजला लागलाय बघा’ असं लिहितो. माझ्या ग्रुपवरचा मेसेज मी पुसू शकतो, पण पुढे गेलेल्या प्रती माझ्या हातात नसतात. एकदा हातातून सुटलेला फोटो परत येत नाही आणि शिळाही दिसत नाही. भोंग्यावरचं ‘आज’ त्या संध्याकाळीच संपतं. ज्यानं ते ऐकलं त्याच्यासाठी ते खरं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते कुणालाही उन्हातून आणत नाही. गावच्या माणसाचा टॉकीजवरचा विश्वास एका चुकीच्या फेरीत जातो, आणि तो परत मिळवायला वर्ष जातं.

म्हणून आता मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो ते फक्त स्टेटसला. ते चोवीस तासांत आपोआप जातं. भिशीच्या बुकिंगसाठी नंबर चालूच आहे. बाकी प्रसिद्धीचे पैसे रिक्षाला.

तुमचं गाव वेगळं असेल तर हिशोब वेगळा निघू शकेल. जवळ इंजिनिअरिंग कॉलेज किंवा एमआयडीसी असेल, निम्मं बुकिंग ऑनलाइन होत असेल, तर मोबाइलवरच भर द्या. त्या प्रेक्षकाच्या कानावर भोंगा पडायचाच नाही. पण आसपासची खेडी आणि आठवडी बाजार यांच्यावर जगणारी टॉकीज असेल, तर दोन दिवसांची रिक्षा घेऊन एक महिना तरी बघाच, असं मी म्हणेन.

रिक्षा ठरवताना आवाजापेक्षा चालक बघा. माझा रिक्षावाला शुक्रवारी बाराचा खेळ बघतो, स्टॉलच्या शेवटच्या रांगेत, आणि चार वाजता भोंगा लावून निघतो. कुणी हात केला की रिक्षा थांबवतो, भोंगा बंद करतो आणि उत्तर देतो. गेल्या शनिवारी आडत दुकानासमोर एका बाईनं त्याला विचारलं, ‘पोरीला घेऊन बघण्यासारखा हाय का?’ तो म्हणाला, ‘हाय, पण मध्यंतरानंतर रडू येतंय, रुमाल ठेवा.’ संध्याकाळी सहाच्या खेळाला ती आली. बरोबर पोरगी होती, आणि दोन जावाही.