हायस्कूलला एनसीसी घ्यायची का स्काउट? की आरएसपीवरच (रस्ता सुरक्षा पथक) भागवायचं?

जून आला की संस्थेच्या मीटिंगमधे कुणीतरी विषय काढतंच, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत एनसीसी आलीय मग आपल्याकडं का नाही. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलला मी पीटी शिकवतो, आधी बरीच वर्षं स्काउट पथक चालवलं आणि नंतर एनसीसीचा ट्रूप, त्यामुळं दोन्हीकडची मजा पण माहितीय आणि दोन्हीकडचा ताप पण. ज्या हेडमास्तर सरांना, मॅडमना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एनसीसी. 1948 च्या जुलैत ती सुरू झाली तेव्हा आपला मराठवाडा निजामाकडंच होता, आपण सुटलो 17 सप्टेंबरला. आज मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्यासमोर खाकीतली लेकरं एका ठेक्यात पाय आपटतात ना, तेव्हा अख्खं गाव बघत उभं राहतं, ते दृश्य खरंच मोठं आहे आणि बऱ्याच संस्थांचा निर्णय त्या दृश्यावरच होतो. पण रोजचं काम वेगळं असतं. शाळेत ज्युनियर डिव्हिजन असते, पोरींची ज्युनियर विंग, बहुतेक ठिकाणी आठवीला नाव घालायचं आणि दोन वर्षं करायची, मग ए सर्टिफिकेटची परीक्षा. बटालियनकडून हवालदार, सुभेदार साहेब परेड घ्यायला येतात, ड्रिल, नकाशावाचन, प्रथमोपचार, रायफलची माहिती, आणि कॅम्पमधे फायरिंग करायला मिळालं की लेकरू वर्षभर तेच सांगत फिरतं. पण ट्रूप मागितला आणि मिळाला असं होत नाही, बटालियनकडं अर्ज करा आणि नंबर लागायची वाट बघा. सेल्फ फायनान्समधे लवकर मिळू शकतो, पण मग ड्रेस, बूट, परेडनंतरचा नाश्ता हा सगळा खर्च संस्थेवर येतो आणि संस्था तो हळूच पालकांवर ढकलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुष्काळी वर्षात ज्या बापानं वह्या उधारीवर आणल्या त्याच्याकडं बुटाचे पैसे मागायचे कसे हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ट्रूपमधे फक्त नोकरदारांची लेकरं दिसतील.

आता आपल्या भागातली खरी अडचण. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. लेकरू आजीपाशी राहिलं किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं तर ठीक, पण आईबापाबरोबर कारखान्यावर गेलं तर परेड बुडते, आणि ए सर्टिफिकेटच्या परीक्षेला 75 टक्के हजेरी लागते. माझा एक कॅडेट, पूर्ण ट्रूपमधे सगळ्यात ताठ उभा राहणारा, याच एका कारणानं परीक्षेला बसू शकला नाही. तेव्हापासून मी नाव घालताना आधी घरी जाऊन आजीला विचारतो, पोरगं हिवाळ्यात इथंच राहणार ना म्हणून.

स्काउट-गाईडचं गणित वेगळंय. जास्तीत जास्त 32 जणांचं पथक, त्यात सहा-आठ जणांचे संघ, प्रत्येकाला संघनायक. पाचवी-सहावीपासून घेता येतं, प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान म्हणजे टप्पे, पुढं राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. जिल्हा कार्यालयात नोंदणी करा, एका सरांचं आणि एका मॅडमचं प्रशिक्षण करून घ्या आणि कामाला लागा. पोरगं चार महिने कारखान्यावर जाऊन आलं तरी सोपान तिथून पुढं चालू करता येतो, आपल्याकडं ही गोष्ट छोटी नाहीये. आणि खरी कमाईच्या दिवशी पोरं भेळ, वडापाव विकून चार पैसे मिळवतात आणि हिशोब मांडतात, तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी गिऱ्हाइकाशी कशी बोलते ते बघा एकदा. लष्करी शिस्त मात्र यात नाही, ती अपेक्षा ठेवून घेऊ नका. तीन बोटांचा सॅल्यूट आणि गळ्यात स्काउट स्कार्फ बघून काही पालक म्हणतात याचा भरतीला काय उपयोग, आणि भरतीपुरतं बोलायचं तर त्यांचं बरोबरच आहे.

कारण पहाटे पाचला आपल्या कुठल्याही रस्त्यावर बघा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. त्या घरांना एनसीसी हवी असते ती सर्टिफिकेटसाठी. तर ते सरळ सांगतो. आर्मीच्या अग्निवीर भरतीत एनसीसीचे बोनस मार्क आहेत, पण ए पेक्षा बी ला जास्त आणि सी चं वजन त्याहून मोठं, आणि बी, सी मिळतं कॉलेजला. सी वर पदवीनंतर अधिकारी व्हायची स्पेशल एन्ट्री आहे, तिथं लेखी नसते, थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत. म्हणजे शाळेतली एनसीसी ही पहिली पायरी झाली, जवळच्या कॉलेजला एनसीसी नसेल तर लेकरू तिथंच अडकतं, हे आधी चौकशी करून घ्या. एनडीएच्या (पुण्याजवळची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लेखीला एनसीसीचे मार्क नसतात. छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून एसपीआय ही सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, दहावीनंतर पोरांना एनडीएची तयारी करून घेते, पोरींसाठी आता नाशिकला आहे, तिकडं जायचं असेल तर गणित आणि इंग्रजी पक्कं लागतं. मी कॅडेटच्या पालकांना हे पहिल्याच मीटिंगला सांगतो.

आरएसपी म्हणाल तर ट्रॅफिकचे इशारे, रस्ता ओलांडणं, संचलन, खर्च कमी. शाळा हायवेला लागून असेल तर जरूर घ्या, एवढंच. पोलिसांची स्टुडंट पोलीस कॅडेट योजना पण आहे, केरळात 2010 ला सुरू झाली आणि 2018 ला देशभर नेली, आठवी-नववीसाठी, पण ती पोलीस खात्यामार्फत ठराविक शाळांना मिळते, आपल्या मनावर नाही.

पोरींचं वेगळं लिहितो. 2022 पासून एनडीएत मुली जातात, त्यामुळं एनसीसीला पोरी उड्या मारत येतात, पण दहा दिवसांच्या कॅम्पला घरचे सोडत नाहीत. सोबत शाळेच्या मॅडम आहेत म्हटलं की निम्मी घरं तयार होतात. मॅडम नसतील तर पोरींची नावं घालून त्यांना कॅम्पच्या वेळी घरी बसवू नका, फार रडतात.

आणि सगळं येऊन थांबतं एका माणसावर. एनसीसीला शाळेतलाच एक शिक्षक एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) म्हणून लागतो, पुरुष असेल तर नागपूरजवळ कामठीला ट्रेनिंग, मॅडम असतील तर ग्वाल्हेरला, तेवढे दिवस त्याचे तास कोण घेणार? परत आल्यावर थर्ड ऑफिसरची रँक मिळते, मान मिळतो, पण कागदपत्रं, ड्रेसचा स्टॉक, कॅम्पच्या याद्या, सगळं त्याच्याच गळ्यात. ओळखीच्या एका शाळेत तरुण सरांना घाईनं पाठवलं, दोन वर्षांत त्यांनी दुसरीकडं नोकरी धरली आणि ट्रूप नुसता कागदावर उरला, कपाटात बेरेट टोप्या पडून होत्या.

म्हणून माझं मत सरळ आहे. पुढची दहा वर्षं शाळेत राहणारा, मनापासून तयार असलेला शिक्षक असेल, शंभराच्या आसपास लेकरं ट्रूपला मिळत असतील आणि जवळच्या कॉलेजला एनसीसी असेल तर आजच बटालियनला अर्ज टाका, नंबर लागेपर्यंत स्काउट चालवा. यातलं एक जरी नसेल तर यंदा स्काउट घ्या आणि नीट चालवा. येत्या स्टाफ मीटिंगला खर्चाचं नंतर बघा, आधी सगळ्यांसमोर विचारा की कामठीला किंवा ग्वाल्हेरला कोण जाणार, आणि ज्याचा हात वर येईल त्याच्या घरच्यांशी पण एकदा बोलून घ्या.