मिरजेच्या चर्चमध्ये झूम एच-सिक्स: आता आल्टोही ऐकू येतात

आमच्या मिरजेच्या क्वायरची नाताळची गाणी आम्ही आठ वर्षं साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच रेकॉर्ड करत होतो. घरी लावलं की मुख्य गाणाऱ्याचा आवाज आणि कीबोर्ड, बाकी पंचवीस माणसं, आल्टो म्हणजे बायकांचे खालच्या पट्टीतले आवाजही, गायब. यात त्याची चूक नाही. उंच छताखाली क्वायर मुळातच मोठी ऐकू येते, म्हणून तो त्यांचा माइक वाढवतच नाही. आणि मिक्सरमध्ये जे नाही ते रेकॉर्डिंगमध्ये कुठून येणार?

म्हणून झूम एच-सिक्स हा रेकॉर्डर घेतला. नाताळ आणि ईस्टर, दोन्ही उपासना त्यावर केल्या. एका वेळी सहा ट्रॅक मिळतात: वरचे दोन एक्स-वाय माइक (एकमेकांना तिरके छेदणारे) आणि चार इनपुट. मी तो उंच स्टँडवर, क्वायरपासून आठ फुटांवर, सगळ्यांच्या डोक्यांवरून लावते, माइकचा कोन 120 अंश. चार इनपुटना पेटी, ढोलकी, कीबोर्ड आणि मिक्सरमधून मुख्य गायक. वरचे दोन्ही माइक जवळजवळ एकाच जागी असल्याने मोबाइलच्या एका स्पीकरवरही आवाज पोकळ होत नाही. आमची निम्मी मंडळी मोबाइलवरच ऐकते.

खरा उपयोग झाला बॅकअप रेकॉर्डिंगचा. ईस्टरच्या सकाळी शेवटच्या ‘हालेलूया’ला अख्खी मंडळी उभी राहून गाऊ लागली. मी रेकॉर्डिंगची लेव्हल जास्त ठेवली होती, मुख्य फाइलमधला आवाज फाटला. पण त्याच माइकची दुसरी फाइल 12 डेसिबल खाली साठत होती, ती स्वच्छ निघाली. हे मेनूत जाऊन आधी चालू करावं लागतं आणि सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते त्याच्या, 96 किलोहर्ट्‌झवर मिळत नाही, 48 ठेवा.

चार एए सेल लागतात. मशीनकडूनच वीज घेणाऱ्या कंडेन्सर माइकला 48 व्होल्ट दिले की सेल भराभर उतरतात, म्हणून पॉवर बँक जोडते. पंख्यांच्या घरघरीला मात्र कुठल्याच मशीनकडे उपाय नाही. पाळकसाहेबांना विनंती करून गीतापुरते पंखे बंद करतो. एप्रिलमध्ये मिरजेत हे मागणं सोपं नाही, तरी मंडळी घाम पुसत मनापासून गाते.

माझी मावशी चाळीस वर्षं आल्टो गायली, आता अंथरुणाला खिळली आहे. तिला हेडफोन लावून दिला. दुसऱ्या कडव्याआधी सगळ्यांनी एकदम घेतलेला श्वास तिला ऐकू आला, तिनेही तसाच श्वास घेतला आणि आपली ओळ बरोबर जागेवर धरली.