जन्माआधीचा चार्ट: नवीन शेअर ॲड करून देतो म्हणणाऱ्याने मला १,०४,६०० रुपयांना कसं बुडवलं

१,०४,६०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरात तो सांगायला मला सहा आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत त्या माणसाने आणखी किती जणांना गाठलं असेल, हा विचार आला की अजूनही रात्री जाग येते.

दामदुप्पट, खात्रीची टिप, नफ्याचे बनावट स्क्रीनशॉट हे प्रकार तुम्हालाही माहीत आहेत, मलाही होते. त्यातल्या कशालाच मी भुललो नाही. मला टिप नको होती. माझ्या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन नोंदणी झालेले शेअर दिसावेत, एवढंच हवं होतं.

अकरा वर्षं मी ॲमीब्रोकर हे चार्टचं सॉफ्टवेअर वापरतोय. रोज संध्याकाळी एनएसई या शेअर बाजाराची भावकॉपी, म्हणजे दिवसभराच्या भावांची फाईल, उतरवायची, एका छोट्या डाउनलोडरने ती आत ओढायची, की दिवसाचा डेटा तयार. जुलै २०२४ मध्ये एनएसईने भावकॉपीचा जुना साचा बंद करून नवा, यूडीआयएफएफ नावाचा साचा लागू केला. रकान्यांची नावं बदलली, क्रम बदलला आणि माझा डाउनलोडर मेला. जुने शेअर मी कसेबसे हाताने भरत राहिलो, पण नवीन शेअर यादीत येईनात. २९ जानेवारी २०२५ ला आयटीसीच्या डिमर्जरमधून, म्हणजे विभाजनातून, निघालेला आयटीसी हॉटेल्स बाजारात आला. माझ्याकडे आयटीसी होते, ६ जानेवारी ही रेकॉर्ड डेट (नवे शेअर कोणाला मिळणार हे ठरवणारी तारीख) होती, दहाला एक या प्रमाणात हॉटेल्सचे शेअर माझ्या डीमॅटमध्ये जमाही झाले. स्वतःकडे असलेल्या शेअरचा चार्ट स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, ही गोष्ट मला रोज टोचायची.

अशा वेळी टेलिग्रामवर एकाने निरोप टाकला. नवीन सिम्बॉल (शेअरची बाजारातली छोटी नावं), एसएमईसकट (छोट्या कंपन्यांचे शेअर), बॅक डेटासह (मागच्या तारखांचे भाव) ॲड करून मिळतील. ४,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ४,७२०. फोनवर तो अगदी जाणकारासारखा बोलला. ईक्यू (नेहमीचे शेअर) आणि बीई (डिलिव्हरी घ्यावीच लागते असे) या सिरीजमधला फरक त्याला माहीत होता, आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, माहीत होता. कुठल्याही ठगाला एवढं माहीत असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का? एनीडेस्क या दुसऱ्याचा संगणक दूरून चालवण्याच्या ॲपवरून तो माझ्या मशीनमध्ये आला आणि वीस मिनिटांत तीनशेच्या वर नवीन सिम्बॉल यादीत उभे राहिले. (पासवर्ड टाकून कधीही आत येता येईल अशी सोय त्याने तेव्हाच चालू करून ठेवली होती. ती मला नंतर सापडली. एनीडेस्कपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सांगितलं होतं. ते मी वाचलंही होतं.)

आता तो क्षण. मी सगळ्यात आधी आयटीसी हॉटेल्स उघडला. चार्ट २०२१ पासून सुरू होत होता.

जो शेअर जानेवारी २०२५ मध्ये जन्मला, त्याचा २०२१ चा भाव. नुसता भाव नाही, खाली व्हॉल्यूमच्या काड्या. लाखालाखाचे सौदे झालेले दिसत होते, अशा शेअरचे जो त्या वर्षी अस्तित्वातच नव्हता. मी त्याला विचारलं. हो, विचारलं मी! तो शांतपणे म्हणाला, "सर, डिमर्जर आहे ना, मूळ कंपनीचा डेटा ॲडजस्ट करून मागे जोडलाय. प्रोफेशनल लोक असंच वापरतात." आणि मी "अच्छा" म्हणालो. ते "अच्छा" मला आजही ऐकू येतं. मूळ कंपनीचे भाव मागे ॲडजस्ट होतात हे खरं आहे, म्हणून तर माझा विश्वास बसला. पण नव्या कंपनीचे सौदे कुठून येतील? त्याच वेळी जिओफिन (रिलायन्समधून असाच वेगळा झालेला जिओ फायनान्शियल) उघडून बघायला हवा होता. तो २१ ऑगस्ट २०२३ ला नोंदला गेला, आणि याने भरलेल्या डेटात त्याचाही चार्ट २०२१ पासून होता. एक क्लिक लांब होता पुरावा.

कोणी डेटा दिला तर आधी नोंदणीची तारीख बघा. एनएसईच्या साइटवर सगळ्या शेअर्सच्या यादीची फाईल फुकट मिळते, त्यात सिम्बॉल, सिरीज, आयएसआयएन आणि नोंदणीची तारीख असते. त्या तारखेच्या आधीची एक जरी काडी दिसली, तरी समजा काहीतरी गडबड आहे.

दहा दिवसांनी त्याने लाइव्ह फीड, म्हणजे चालू भाव थेट सॉफ्टवेअरमध्ये येण्याची सोय, सुचवली. आयुष्यभरासाठी २०,००० अधिक जीएसटी, २३,६००. बिल पीडीएफमध्ये आलं. त्यावरचा जीएसटी क्रमांक २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने, सुरू होत होता, म्हणून मी निर्धास्त. नंतर मोजला तेव्हा १४ अक्षरं भरली. १५ लागतात. पैसे पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर नाव आलं ते बिलावरच्या फर्मचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. "मिसेसचं खातं आहे." पडद्यावरचं नाव जुळलं नाही तर पैसे पाठवू नका, बायकोचं असो की काकाचं.

मग "एक्स्चेंजचं परत मिळणारं डिपॉझिट", ३५,०००. हेही दिलं. आधीचे २८,३२० वाया जातील या भीतीने दिलं. जो हे वाचून मला मूर्ख म्हणेल त्याने आधी स्वतःचे एवढे पैसे अडकवून बघावेत.

वर आणखी ४१,२८० गेले ते त्याच्या खात्यात नाही, बाजारात. त्याच्या डेटात एका एसएमई शेअरचं व्हॉल्यूम तीन आठवडे चढत होतं. ११२ रुपयांना १,२०० शेअरचा एक लॉट (ठरलेला गठ्ठा) घेतला. एसएमईमध्ये लॉटनेच विकावं लागतं, आणि घेणारा नसेल तर बसून राहावं लागतं. ७७ रुपये ६० पैशांना सुटलो. नंतर खऱ्या भावकॉप्या उतरवून लावून पाहिल्या, तर त्या तीन आठवड्यांत दोन दिवस एकही सौदा नव्हता. फीड येतेय-येतेय म्हणत कधी आलीच नाही, मी डिपॉझिट परत मागितलं, आणि फोन लागायचा बंद झाला.

त्याच रात्री मी सगळं खोदून काढलं. नवीन सिम्बॉल आपोआप यादीत यावेत यासाठी ॲमीब्रोकरच्या इम्पोर्टच्या फॉरमॅट फाईलमध्ये एक ओळ लागते: डॉलरचं चिन्ह, ऑटोॲड, आणि पुढे १. बाकी नव्या साच्याप्रमाणे रकान्यांचा क्रम बदलायचा. एकटाच शेअर हवा असेल तर सिम्बॉल मेनूत जाऊन न्यू. बस. एका ओळीसाठी ४,७२०.

आणि आता तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पण शेवटचे पैसे जाऊन १७ दिवस झाले होते, खातं रिकामं होतं. तुम्ही पहिल्या तासात फोन करा, लाज नंतर वाटू द्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्या दिवशी "तुमची हद्द ही नाही". तिसऱ्या दिवशी विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना? आणि त्याने फाईल दिली ना? मग फसवणूक कुठली, हा व्यवहार झाला. दिवाणी कोर्टात जा." टेबलापलीकडच्या माणसाला भावकॉपी म्हणजे काय हे सांगण्यात माझा अर्धा तास गेला, आणि तो तेवढा वेळ मोबाइल बघत होता. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, ही फसवणुकीची दोन्ही कलमं मी छापून नेली होती. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तेही दाखवलं. अर्जावर पोच मिळाली, एफआयआर आजतागायत नाही.

बँकेने सांगितलं की रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे पिन तुम्हीच टाकला. नियम म्हणून बरोबर असेल. पण ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना कोणी काय तपासलं, हे विचारल्यावर "गोपनीय माहिती". आणखी एका कार्यालयातून उत्तर आलं की सदर इसम आमच्याकडे नोंदणीकृत नाही, सबब तक्रार निकाली. निकाली! नोंदणी नाही म्हणून तर तो ठग आहे, आणि तेच कारण देऊन माझी तक्रार बंद. म्हणजे ज्याने नियम पाळून नोंदणी केली त्याच्यावर तक्रार चालते, आणि ज्याने काहीच पाळलं नाही तो मोकळा. एक्स्चेंजने मान्यता दिलेल्या डेटा विक्रेत्यांची यादी असते. पैसे देण्याआधी ती बघा, माझ्यासारखं नंतर नको.

मी मशीन फॉरमॅट केलं, पासवर्ड बदलले, त्याचे सगळे सिम्बॉल पुसले आणि जुलै २०२४ पासूनच्या भावकॉप्या एकेक करून पुन्हा भरल्या. आयटीसी हॉटेल्सचा चार्ट आता २९ जानेवारी २०२५ ला सुरू होतो, डावीकडे कोरा आहे.

परवा एका ग्रुपमध्ये तीच जाहिरात दिसली, क्रमांक नवा, मजकूर अक्षरशः तोच. टाटा मोटर्सच्या विभाजनातून निघालेला, १२ नोव्हेंबर २०२५ ला नोंदला गेलेला टीएमसीव्ही ॲड करून मिळेल. खाली लिहिलंय, डेटा २०१५ पासून.