जुन्या थ्री-वे स्पीकरची जोडी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, थ्री-वे रचनेच्या (खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांसाठी वूफर, मिडरेंज आणि ट्वीटर असे तीन वेगळे घटक असलेल्या) वापरलेल्या स्पीकरची एक जोडी गेले काही महिने माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. आज ती जशी वाजते तशी सुरुवातीपासून वाजली असती, तर हा अभिप्राय चार ओळींत आटोपला असता. प्रत्यक्षात सुरुवातीला आवाज जरा वाढवला की ॲम्प्लिफायरचा रिले (धोका दिसताच स्पीकर तोडणारा संरक्षक स्विच) ‘खट्’ करून सुटत असे आणि दोन्ही बाजू एकदम मुक्या होत असत. जोडीतला एक स्पीकर ॲम्प्लिफायरवर अवाजवी भार टाकत होता, म्हणजे त्याच्याकडून नको इतका प्रवाह ओढत होता. तो भार कोठून येतो हे शोधण्यात बराच काळ गेला आणि लिहिण्याजोगे जे आहे ते मुख्यतः त्या शोधाबद्दल आहे.

ॲम्प्लिफायर बंद पडला की संशय सहसा खर्जाच्या आवाजावर आणि वूफरवर जातो, कारण सर्वांत जास्त ताकद खर्जाला लागते अशी आपली समजूत असते आणि एरवी ती बरोबरही असते. येथे मात्र ड्रमचे जड ठोके सुखरूप पार पडत आणि झांजा, व्हायोलिन किंवा चढ्या पट्टीतले गायन जोरात आले की रिले सुटे. कोणत्या प्रकारच्या आवाजाला यंत्र हात टेकते हे नीट ऐकणे हीच पहिली चाचणी असून तिला कोणतेही उपकरण लागत नाही. दोष वरच्या वारंवारतेत आहे हे त्यातूनच कळले. उजवा स्पीकर डाव्यापेक्षा किंचित जाड वाजत होता, गाणाऱ्याचा आवाज त्यातून जरा पुढे आल्यासारखा वाटत होता, हीदेखील खूण होती; पण खोलीत दोन स्पीकरच्या जागा वेगळ्या असल्या की असा फरक पडतोच, म्हणून केवळ कानावर निकाल देता येत नव्हता.

स्पीकरला दोष देण्यापूर्वी ॲम्प्लिफायर निर्दोष असल्याची खात्री करून घेणे आवश्यक असते. स्पीकर काढून ठेवून दोन्ही बाजूंच्या आउटपुटवर डीसी (एकाच दिशेच्या विजेचा) दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजला, तो १५ मिलिव्होल्टच्या आतच होता. साधारणपणे ५० मिलिव्होल्टपर्यंत काळजीचे कारण नसते. त्यानंतर वीज बंद करून डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली, मग तारा जागच्या जागी ठेवून फक्त स्पीकर बदलले. दर वेळी त्रास उजव्या स्पीकरच्या मागे गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही शिस्त पाळली, तर अर्धा तपास येथेच संपतो. तार जोडताना तिचा एखादा बारीक तंतू शेजारच्या टर्मिनलला चिकटला तरी लक्षणे जवळपास हीच दिसतात, त्यामुळे टर्मिनल भिंगाखाली पाहणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

यानंतर बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर लावतात आणि तेथेच फसगत होते. मीटरच्या पिनांचा स्वतःचा ०.३ ओहम रोध वजा करता डावा स्पीकर ५.७ आणि उजवा ५.६ ओहम दाखवत होता. ८ ओहमच्या वूफरच्या व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) डीसी रोध साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम असतोच, म्हणजे या आकड्यांनुसार दोन्ही स्पीकर ठणठणीत होते. परंतु थ्री-वे स्पीकरमध्ये मिडरेंज आणि ट्वीटर यांच्या वाटेवर कपॅसिटर असतात आणि कपॅसिटर डीसीला अडवतो. मागच्या टर्मिनलवरून मीटरला दिसतो तो फक्त वूफर आणि त्याच्या मार्गातली क्रॉसओव्हरची (वेगवेगळ्या वारंवारता ज्या त्या घटकाकडे वाटणाऱ्या सर्किटची) कॉइल. उरलेला अर्धा स्पीकर त्या मीटरला दिसतच नाही. शिवाय ॲम्प्लिफायरला डीसी रोधाशी नव्हे, तर वारंवारतेबरोबर बदलणाऱ्या इम्पिडन्सशी, म्हणजे दिशा बदलणाऱ्या (एसी) प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाशी, झुंजावे लागते; तो जितका कमी तितका भार जास्त. ‘मीटरवर बरोबर दाखवतो’ हे विक्रेत्याचे वाक्य खोटे नसते, पण पुरेसेही नसते.

इम्पिडन्स मोजण्यासाठी महाग उपकरण लागत नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर एकसरीत (एकामागोमाग) जोडावा, फोनवरच्या एखाद्या सिग्नल जनरेटर ॲपमधून एकेका वारंवारतेचा शुद्ध सूर हळू आवाजात द्यावा आणि रेझिस्टरवरचा व स्पीकरवरचा एसी दाब वेगवेगळा मोजावा. दोघांमधून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे स्पीकरवरच्या दाबाला रेझिस्टरवरच्या दाबाने भागून १० ने गुणले की त्या वारंवारतेचा इम्पिडन्स मिळतो. साधे मल्टिमीटर काही शे हर्ट्झच्या वर एसी दाब कमी-जास्त दाखवतात हे खरे आहे. मात्र येथे दोन मापांचे गुणोत्तर घेतले जात असल्याने ती चूक बरीचशी एकमेकांत कटते. हा रेझिस्टर मध्ये असला की स्पीकर कितीही बिघडलेला असो, ॲम्प्लिफायरला जवळपास १० ओहमच्या खालचा भार दिसत नाही, म्हणून मोजमाप चालू असताना यंत्राला धोका राहत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: काही ॲम्प्लिफायरमध्ये, विशेषतः क्लास-डी प्रकारात, आउटपुटची दोन्ही टर्मिनले जिवंत असतात आणि त्यांपैकी कोणतेही अर्थिंगला जोडलेले नसते. तेथे संगणकाचे साउंड कार्ड किंवा ऑसिलोस्कोप जोडून मापे घेऊ नयेत. बॅटरीवरचा मल्टिमीटर चालतो.

मोजमापांनी चित्र स्पष्ट झाले. २०० हर्ट्झपर्यंत दोन्ही स्पीकर हातात हात घालून चालले, ५०० हर्ट्झपाशी त्यांच्यात फाटा फुटला. १ किलोहर्ट्झला डावा स्पीकर आठ ओहमच्या आसपास असताना उजवा ३.१ वर आला होता, २ किलोहर्ट्झला तो १.७ झाला आणि ५ किलोहर्ट्झला जेमतेम ०.७ उरला. वारंवारता दुप्पट झाली की इम्पिडन्स निम्मा होतो ही कपॅसिटरची ओळख आहे. टर्मिनलवर थेट, मध्ये काहीही न येता, एखादा मोठा कपॅसिटर बसला असल्याशिवाय असा उतार मिळत नाही. २ किलोहर्ट्झ आणि १.७ ओहम हे आकडे कपॅसिटरच्या सूत्रात (१ ÷ (२π × वारंवारता × इम्पिडन्स)) घातले की उत्तर सुमारे ४७ मायक्रोफॅरड येते. स्पीकरचा एकही स्क्रू सोडवण्यापूर्वी दोषी भागाचे माप कळले होते, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत समाधानाचा क्षण कोणता असे विचारल्यास मी तोच सांगेन.

वूफर काढून आतला कापूस बाजूला केला, तेव्हा बाकीचेही उलगडले. अशा क्रॉसओव्हरमध्ये वूफरच्या वाटेवर आधी एक कॉइल असते आणि कॉइलच्या पलीकडच्या टोकापासून, म्हणजे वूफरच्या बाजूने, एक कपॅसिटर ऋण तारेला जोडलेला असतो. आधीच्या कोणीतरी मूळचा ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेला, कालांतराने सुकणारा) कपॅसिटर काढून तेथे भारीतला फिल्म (प्लॅस्टिकच्या पातळ थरांचा) कपॅसिटर घातला होता. या मापाचा फिल्म कपॅसिटर आकाराने इतका मोठा असतो की तो मूळ जागेत मावत नाही, म्हणून तो पेटीच्या भिंतीला चिकटवून लांब तारांनी जोडला होता आणि त्यांतली एक तार कॉइलच्या चुकीच्या टोकाला, आवक बाजूला, सोल्डर केली होती. त्यामुळे कपॅसिटर सरळ ॲम्प्लिफायरच्या तोंडावर आला. फिल्म कपॅसिटरचा अंतर्गत रोध नगण्य असल्याने भार आणखी कडक झाला. जुना सुकलेला इलेक्ट्रोलिटिक याच चुकीच्या जागी असता, तर त्याच्या स्वतःच्या रोधाने ॲम्प्लिफायरची थोडी तरी पाठराखण केली असती.

यात ॲम्प्लिफायरवर नेमके काय गुजरते ते समजून घेण्यासारखे आहे. २० व्होल्टला ८ ओहमचा भार अडीच अँपिअर प्रवाह मागतो, तर १.७ ओहमचा भार जवळपास १२ अँपिअर मागतो. त्याहून वाईट गोष्ट अशी, की कपॅसिटरमधला प्रवाह दाबाच्या तुलनेत पाव आवर्तन पुढे असतो, म्हणजे प्रवाह शिखरावर असताना आउटपुटचा दाब शून्यापाशी असतो आणि अंतर्गत पुरवठ्याचा सगळा दाब आउटपुट ट्रान्झिस्टरवर पडतो. कपॅसिटर स्वतः ऊर्जा खर्च करत नाही, त्यामुळे ती उष्णता स्पीकरमध्ये न निघता ट्रान्झिस्टरमध्ये निघते. संरक्षक सर्किटने रिले सोडला हे त्याचे काम चोख असल्याचे लक्षण होते. ते वैतागून निकामी करून ठेवणाऱ्यांना पुढे ट्रान्झिस्टर बदलावे लागतात. अशा भारावर काही ॲम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच दोलायमान होतात आणि संगीत बंद असतानाही तापतात. माझ्याकडे तसे घडले नाही, परंतु स्पीकर जोडलेला असताना हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख) उगाच गरम लागत असेल आणि स्पीकर काढल्यावर निवत असेल, तर याच दिशेने शोधावे.

खरेदीपूर्वी वाजवून पाहिले असता हे का कळत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. हळू आवाजात प्रवाहाची मागणीच मर्यादित असते. त्यात ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक तार ६ मीटर लांब टाकलेली असेल, तर जाण्या-येण्याचा मिळून सुमारे ०.४ ओहम रोध मध्ये येतो. तो ट्वीटरचा आवाज थोडा दबवतो आणि ॲम्प्लिफायरला किंचित दिलासा देतो. घरी आणून जाड तार लावली आणि आवाज वाढवला की दोष उघडा पडतो.

अवाजवी भाराची इतर कारणेही आहेत आणि त्यांची चिन्हे वेगळी असतात. वूफरची व्हॉइस कॉइल जळून तुटली, तर भार हलका होईल असे वाटते. परंतु वर सांगितलेल्या रचनेत वूफर निघून गेल्यावर कॉइल आणि कपॅसिटर यांची नुसती एकसरी उरते आणि एका विशिष्ट वारंवारतेला ती दोघे मिळून जवळजवळ शॉर्ट होतात. ३ मिलिहेन्री आणि ४७ मायक्रोफॅरड धरले तर हे सुमारे ४२५ हर्ट्झला घडते, आणि तेथे फक्त कॉइलच्या तारेचा अर्धा-पाऊण ओहम रोध शिल्लक राहतो. या दोषात मीटर टर्मिनलवर अनंत रोध दाखवतो आणि खर्ज गायब असतो, म्हणून ओळखायला तो सोपा आहे. ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा वूफर बसवला असेल, तर मीटर साडेतीन ओहमच्या आसपास दाखवतो. व्हॉइस कॉइलचे काही वेढे आपसांत शॉर्ट झाले असतील, तर डीसी रोध थोडाच घटतो, पण अनुनादाच्या (वूफर सर्वांत सहज हलतो त्या वारंवारतेच्या) जागी येणारे इम्पिडन्सचे उंच शिखर ठेंगणे होते. असा वूफर पुष्कळदा कोन हळुवार दाबल्यावर खरखरतोही, कारण कॉइल चुंबकाच्या फटीत घासून तिच्यावरचे इनॅमल निघालेले असते. फोमची कड सडून नवी बसवलेल्या वूफरमध्ये कोन मध्यभागी बसला नसेल, तर हे विशेष आढळते. या सगळ्यांत जोडीतला दुसरा स्पीकर सोबतीला असणे हीच मोठी सोय आहे. निर्मात्याचा आलेख हाती नसतानाही चांगल्या भावंडाशी ताडून पाहता येते. एकटाच स्पीकर विकत घेणे मी त्यामुळेच टाळतो.

दुरुस्ती म्हणाल तर एक तार काढून कॉइलच्या दुसऱ्या टोकाला सोल्डर केली, एवढीच. त्यानंतर घेतलेल्या मापांत दोन्ही स्पीकर सर्व वारंवारतांना एकमेकांच्या अगदी जवळ आले आणि सर्वांत कमी इम्पिडन्स १५० हर्ट्झच्या आसपास ५.९ ओहम मिळाला. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६०२६८-५ या मानकानुसार स्पीकरचा इम्पिडन्स लेबलवरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरू नये. मागच्या पाटीवर ८ लिहिले असले तरी मी ही जोडी ६ ओहमचीच मानतो आणि ॲम्प्लिफायरच्या ए व बी टर्मिनलांवर दोन जोड्या एकाच वेळी लावण्याचा विचार करत नाही. पाट्यांवरचे आकडे अनेक निर्माते सढळ हाताने लिहितात.

त्यानंतरच्या महिन्यांत रिले एकदाही सुटलेला नाही आणि मोठ्या आवाजात दीर्घकाळ ऐकल्यावरही हीट सिंकच्या दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागतात. आवाजातला बदलही लक्षणीय आहे. चुकीच्या जोडणीत उजव्या वूफरला फक्त कॉइलची सौम्य गाळणी मिळत होती, त्यामुळे तो मिडरेंजच्या हद्दीत शिरून गात होता. आता गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या नेमका मध्ये उभा राहतो. खर्ज खोल आणि आटोपशीर आहे. वरच्या टोकाला या जोडीत आजच्या स्पीकरइतकी झळाळी नाही, परंतु दीर्घकाळ ऐकताना कान थकत नाहीत, आणि माझ्या लेखी ही अदलाबदल परवडणारी आहे.

कुरबुरी अजून आहेत. डाव्या स्पीकरमध्ये तो फिल्म कपॅसिटर नसून मूळचा इलेक्ट्रोलिटिकच आहे. सुटा करून मोजला असता तो सहनसीमेत आला, म्हणून केवळ जोडी जुळावी एवढ्यासाठी तो बदललेला नाही. दोन्ही पेट्यांच्या तोंडावर मिडरेंज कमी-जास्त करणारे एल-पॅड आहेत आणि त्यांतला डावा फिरवताना खरखरतो, कधी मधल्या सुरांचा आवाज क्षणभर जातो. संपर्क साफ करण्याचा फवारा मारल्यावर काही आठवडे तो बरा राहतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. एल-पॅड घटक बदलायचा झाल्यास तो मिडरेंजच्या इम्पिडन्सशी जुळणाराच घ्यावा लागतो, नाहीतर क्रॉसओव्हरची छेदवारंवारता (जेथे आवाज एका घटकाकडून दुसऱ्याकडे जातो ती) सरकते. तसा मिळेपर्यंत दोन्ही एल-पॅड एका ठरावीक खुणेवर ठेवून मी त्यांना हात लावत नाही.