एमजीबीचा ब्रेक सर्व्हो: दोनदा उघडला, त्यानंतरचे नऊ महिने

आधी धूर आला. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की आरशात पांढरा ढग, सिग्नलला गाडी नुसती चालू ठेवून उभी केली तरी थोडा, आणि चढावर जोर दिला की एकदम स्वच्छ. मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय साहेब, डोळे झाकून सांगतो." त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं, पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर म्हटल्यावर कोणीही म्हणेल की इंजिनचं गॅस्केट फुटून रेडिएटरचं पाणी, म्हणजे कूलंट, आत जळतंय. पण रेडिएटरमधलं पाणी महिनाभर तसूभरही कमी झालं नव्हतं. कमी होत होतं ब्रेक ऑइल. चारही चाकं कोरडी, पाइपांचे जोड कोरडे, गाडीखाली पसरलेला पुठ्ठाही कोरडा.

सर्व्हो म्हणजे इंजिनच्या ओढीने ब्रेक दाबायला पायाला मदत करणारा डबा. त्याची इंजिनकडे जाणारी व्हॅक्यूम होस, म्हणजे नळी, काढली आणि तिच्यात करंगळी घातली. करंगळी ओली निघाली, आणि ते ओलं पेट्रोल नव्हतं.

गाडी 1968 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1798 सीसीचं इंजिन, जुळे एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क, मागे ड्रम, ब्रेकचं सर्किट एकच. सर्व्हो लॉकहीडचा, रिमोट जातीचा. आजच्या गाड्यांत सर्व्हो पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मध्ये असतो. हा मात्र मास्टर सिलिंडरपासून दूर, आतल्या मडगार्डजवळ एकटा बसलेला डबा. एक पाइप मास्टरकडून आत येतो, एक बाहेर चाकांकडे जातो. डब्यात रबरी पडदा असतो आणि पाय पेडलवर नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनने ओढलेली पोकळी असते. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते. एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पोकळी, त्यामुळे पडदा सरकतो आणि त्याला जोडलेला दांडा पुढच्या छोट्या सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो. सुस्थितीतलं इंजिन आयडलला साधारण 18 ते 20 इंच पाऱ्याइतकी पोकळी देतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहाशे ग्रॅमच्या वर जोर. पडदा 15 सेंटिमीटर व्यासाचा धरला तर शंभर किलोच्या वर जातो. फुकटची ताकद आहे!

भानगड त्या दांड्याभोवतीच्या सीलमध्ये. एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला पोकळी. सील झिजलं की इंजिन ऑइल शोषून घेतं आणि जाळून टाकतं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर पोकळी सगळ्यात जास्त असते, म्हणून उतारावर धूर. आता हे दोन ओळींत लिहितोय, पण तेव्हा हेड उघडायचं सामान मागवायच्या बेतात होतो.

पहिल्या वेळी मी घाई केली. सीलचं किट मागवलं, सर्व्हो काढून टेबलावर घेतला. मागचं झाकण फिरवून निघतं, पण हाताने अजिबात नाही. एका फळीला दोन बोल्ट ठोकून पाना केला आणि डावीकडे फिरवला. पडदा बाहेर ओढल्यावर दांडा निघेना. अर्धा तास ओढाताण केल्यावर कळलं की पडद्याच्या आधाराच्या कडेला प्लास्टिकची एक लहानशी चावी असते. पडदा थोडा दाबून डबा हलवला की ती आपसूक खाली पडते. ती पडली आणि टेबलाखाली गेली, हे वेगळं सांगायला नको. डब्याच्या तळाशी कपभर काळपट ऑइल साठलं होतं आणि पडद्याचं रबर त्यात फुगून लिबलिबीत झालं होतं.

सिलिंडरच्या आत टॉर्च मारला तर चार-पाच बारीक खड्डे दिसले, खसखशीच्या दाण्याएवढे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि वर्षानुवर्षं ते बदललं नाही की ते पाणी धातू खातं. मी बारीक पॉलिश पेपर फिरवला, खड्डे नखाला लागेनासे झाले असं स्वतःला पटवलं, नवी सीलं लावली, बसवून टाकलं. पाच आठवडे सगळं झकास. सहाव्या आठवड्यात उतारावर परत तोच ढग.

यात किटचा दोष नव्हता. लेथवाल्या काकांनी सिलिंडर हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "सील नवं टाकलंत, पण ते घासतंय कशावर ते बघितलंत का?" दुसऱ्या खेपेला त्यांनी भोक मोठं करून आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, ठोकली आणि मूळ मापाला होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, दिली. हे काम आधी केलं असतं तर एक किट वाचलं असतं. माझा सल्ला एवढाच की सर्व्हो उघडल्यावर पहिल्यांदा सिलिंडर पुसून, कोरडा करून उजेडात बघा. आत आरशासारखा असेल तर किट पुरेल. एक जरी खड्डा सीलच्या वाटेत असेल तर किट बाजूला ठेवा आणि स्लीव्हचं बघा.

स्लीव्हचं काम होईपर्यंत पाच आठवडे गाडी सर्व्होशिवाय चालवली. येणारा आणि जाणारा पाइप एका जोडनटाने थेट जोडायचा, झालं. इथेही एकदा फसलो. पाइपांचे नट 3/8 यूएनएफ, म्हणजे इंची आट्यांचे, आणि मला मिळालेला जोडनट निघाला एम10, म्हणजे 10 मिलिमीटरचा. दोन्ही हातात सारखेच वाटतात, नट आत फिरतोही, पण ढिला. 3/8 म्हणजे 9.525 मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर कमी. घट्ट करायला गेलो तर आटे सरकल्याचं हाताला जाणवलं आणि तिथेच थांबलो. ब्रेकच्या पाइपाचा नट बोटांनी सुरुवातीला इतका सहज आणि डुगडुगत जात असेल तर आनंद मानू नका, व्हर्नियर कॅलिपर लावून मापा.

तर ते पाच आठवडे. पेडल दगडासारखं, पहिल्या दिवशी संध्याकाळी पोटरी दुखली. पण गाडी थांबत होती. रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम जोरात दाबून बघितलं, पुढची चाकं पूर्वीइतकीच लॉक झाली, फक्त मला सीटमध्ये पाठ रेटून दाबावं लागलं. माझ्या सर्व्होचं गुणोत्तर 1.9 ला 1 आहे, म्हणजे पायाचं काम जवळपास अर्ध्यावर येतं. टायर आणि रस्ता यांच्यातली पकड त्याने वाढत नाही, गरम झालेले पॅड त्याने गार होत नाहीत. उलट त्या आठवड्यांतच मला कळलं की मागचा एक ड्रम नीट अॅडजस्ट केलेला नव्हता. सर्व्होच्या मऊ पेडलखाली ते दोन वर्षं लपून बसलं होतं. "ब्रेक कमी लागतात म्हणून सर्व्हो बसवतोय" असं कोणी म्हणालं की आता मी आधी ड्रम उघडायला लावतो.

दुसऱ्यांदा जोडताना सगळी रबरं लाल रबर ग्रीसमध्ये बसवली. साधं ग्रीस लावू नका, त्याने ही रबरं फुगतात. व्हॉल्व्हचं सील फुगलं तर पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो. ब्रेक ऑइल नेहमीच्या डॉट 4 प्रतीचं घातलं. सिलिकॉनच्या डॉट 5 चा मोह झाला होता, कारण सांडलं तरी ते रंग खात नाही आणि पाणीही ओढत नाही. पण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, आणि रिमोट सर्व्होतून हवा काढणं मुळातच जिकिरीचं. शिवाय डॉट 4 मध्ये ते मिसळून चालत नाही, सगळी लाइन धुवावी लागते.

हवा काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. इंजिन बंद ठेवायचं, पेडल पाच-सहा वेळा दाबून उरलेली पोकळी संपवायची आणि मग लांबच्या चाकापासून सुरुवात. पेडल हळू दाबायचं, त्याहून हळू सोडायचं. तरी पेडलचा स्पंजासारखा मऊपणा जाईना. शेवटी सर्व्होच्या सिलिंडरवर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करत राहिलो आणि बायको पेडलवर. तिसऱ्या मिनिटाला पारदर्शक नळीतून वाटाण्याएवढा बुडबुडा निघाला. "झालं का एकदाचं?" असं गाडीतून विचारणं झालं. झालं होतं.

चाचणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा मारून कडक करा, पाय तसाच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन लागताच पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. माझं गेलं, साधारण बोटभर.

तेव्हापासून नऊ महिने आणि 4,200 किलोमीटर झाले. धूर पूर्ण बंद. पेडल हलकं, ब्रेक एकसारखे. तिसऱ्या महिन्यात मात्र एक विचित्र दुखणं निघालं: पहिल्यांदा ब्रेक दाबला की मऊ, लगेच दुसऱ्यांदा दाबला की कडक, आणि तेही इंजिन चांगलं तापल्यावरच. सर्व्हो परत उघडायचा या विचाराने जेवण गोड लागेना. कारण निघालं माझ्याच आळसात. व्हॅक्यूम होस म्हणून मी घरात पडलेली साधी पेट्रोलची नळी लावली होती. ती गरम झाली की नरम पडायची आणि आतल्या ओढीने वळणावर चपटी व्हायची. इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली वाकलो तेव्हा ती डोळ्यांदेखत गालासारखी आत गेलेली दिसली. जाड भिंतीची व्हॅक्यूमची होस लावली, दुखणं गेलं. त्याच वेळी होसमधला एकेरी व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासला; एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने जात नाही, म्हणजे ठीक.

तक्रारी आहेत. रिमोट सर्व्होत मदत क्षणभर उशिरा येते. हळू गाडी लावताना आधी काहीच होत नाहीसं वाटतं, म्हणून पाय थोडा वाढवतो आणि तेवढ्यात ब्रेक एकदम चावतो. सवय होते, पण दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला दिली की पहिल्या वळणावर त्याचं डोकं हलकेच पुढे जातं. ब्रेक दाबताना हवेचा बारीक सुस्कारा ऐकू येतो, तो मला आवडतो.

तयार नवा सर्व्हो घ्यावा का, हे मला अनेकांनी विचारलं. जुन्याचा डबा गंजून चाळण झाला असेल तर घ्या. डबा धड असेल तर स्लीव्ह घालून जुनाच ठेवावा असं माझं मत. त्याचे आटे, पट्ट्या, पाइपांची वळणं गाडीला आधीच माहीत आहेत.

माझ्या मास्टर सिलिंडरची टाकी धातूची, पातळी बाहेरून दिसत नाही. म्हणून स्टीलच्या पट्टीला एक खाच मारली आहे आणि दर रविवारी ती पुसून आत बुडवतो. नऊ महिन्यांत खाचेपासून दीड मिलिमीटर उतरलंय. पुढचे पॅड थोडे झिजलेत, त्यांच्या पिस्टनमागे तेवढं ऑइल गेलंय.