लोखंडी फ्रेमचा सांगाडा: टूडी स्केच की थ्रीडी, आणि फ्रीकॅड की सॉलिडवर्क्स

आमचं वेल्डिंगचं दुकान दर्यापूर-मुर्तिजापूर रोडवर, काम म्हणजे ट्रॉली, गेट, शेळ्यांचं शेड, आणि सगळ्यात जास्त पाण्याच्या टाकीचे स्टँड कारण हा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारं, गोड पाणी आलं की साठवून ठेवावंच लागते. फ्रेम कॉम्प्युटरवर काढतो (सॉलिडवर्क्स आणि फ्रीकॅड ही त्याचीच सॉफ्टवेअर) म्हणून गावातले पोट्टे विचारतात, भाऊ कोणतं सॉफ्टवेअर शिकू. मी म्हणतो आधी सांगाडा कसा काढणार ते ठरव, कारण रेषा मारायची आणि तिच्यावर पाईप नाहीतर अँगल चढवायचा, सगळं त्या रेषेवर चालते.

सरळ उभे पाय, वर-खाली चौकोन, अशी फ्रेम असेल तर टूडी स्केच, म्हणजे एका सपाट पातळीवर, प्लेनवर, मारलेल्या रेषा. खालचा चौकोन एका प्लेनवर, वरचा दुसऱ्या प्लेनवर, बाजूचे पाय तिसऱ्या-चौथ्यावर. प्लेन जास्त बनवावे लागतात, पण प्रत्येक स्केच मापानं पूर्ण बांधलेलं राहते आणि गिऱ्हाईक म्हणाला की १० फूट नको १२ कर तर वरच्या प्लेनचं अंतर बदललं, पाय वरच्या चौकोनाला जोडलेले असले की आपोआप वाढतात.

थ्रीडी स्केच सॉलिडवर्क्समध्ये आहे, टॅब दाबत दिशा बदलायची आणि एकाच स्केचमध्ये पूर्ण सांगाडा, बघायला लय फास्ट. पण एखादी रेषा अक्षाला बांधायची राहिली की समोरून सरळ दिसते आणि बाजूनं फिरवलं की तिरपी, माझे यात दोन दिवस गेलेत. खाली पसरलेले पाय किंवा आडवी-तिरपी ब्रेसिंग (आधाराच्या पट्ट्या) असेल तिथं मात्र थ्रीडीच बरं, तिरप्या पायासाठी वेगळं प्लेन बनवत बसण्यापेक्षा दोन कोपरे जोडले की झालं. मी दोन्ही मिसळतो, चौकोन टूडीत, तिरपं तेवढं थ्रीडीत.

रेषा पाईपच्या मधोमध आहे की बाहेरच्या कडेला हे बघितल्याशिवाय कटिंग करू नका. आम्ही १२५० बाय २५०० च्या पत्र्यासाठी फ्रेम काढली, रेषा त्याच मापाच्या, पाईप ४० बाय ४० आणि प्रोफाइल (पाईपचा कापलेला आकार) रेषेच्या मधोमध बसलेलं, म्हणजे बाहेरून फ्रेम १२९० बाय २५४० झाली अन् पत्रा चारही बाजूनं २० मिमी कमी पडला, सगळं कापून पुन्हा जोडलं. सॉलिडवर्क्समध्ये प्रोफाइल सरकवून रेषा पाईपच्या कोपऱ्यावर घेता येते, नाहीतर रेषाच आतून मारा.

सॉलिडवर्क्सच्या वेल्डमेंटमध्ये (फ्रेम बनवायचा भाग) कोपरे ४५ अंशात कापायचे की बट, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याला सरळ टेकवून, ठेवायचे ते निवडता येते, कटलिस्टमध्ये (तुकड्यांची यादी) लांबी आणि कोन दोन्ही मिळतात, ६ मीटरच्या पाईपमधून किती तुकडे निघतील ते त्यावरून काढतो. आपले आयएसएमसी चॅनल (भारतीय मापाचे सी आकाराचे) प्रोफाइलच्या यादीत दिसले नाहीत तर एकदा स्वतः काढून लायब्ररीत टाकून ठेवावे लागतात. पण पैसे लागतात आणि फक्त विंडोजवर चालते.

फ्रीकॅड फुकट, धंद्यासाठी वापरलं तरी फुकट, नेट गेलं तरी चालते. स्केचर टूडीच, तिरप्या रेषेसाठी त्यातल्या ड्राफ्ट भागातलं वायर नावाचं टूल वापरायचं. फ्रेमफोर्ज नावाचं अ‍ॅडऑन टाकलं की रेषेवर पाईप चढतो अन् कोपरे कापता येतात. आधी एक माप बदललं की पुढचं सगळं तुटायचं, नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं तेव्हापासून हा त्रास बराच कमी झाला. ऑनशेप नावाचं तिसरं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते, त्यात फ्रेम चांगली निघते पण फुकट खात्यात ड्रॉइंग सगळ्यांना दिसते आणि नेटशिवाय काहीच नाही, आमच्या इकडे ते जमत नाही.

तर नवीन दुकान असेल तर फ्रीकॅड आणि टूडी सांगाडा घ्या, रोजच्या कामाला ते पुरते. कंपन्यांचं काम घ्यायचं असेल, जिथं फाईल त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये मागतात, तिथं सॉलिडवर्क्सचा खर्च निघते. आणि १००० लिटर भरलेली टाकी म्हणजे नुसतं पाणीच १००० किलो, त्यात खाली आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, पाय किती जाड घ्यायचा हे स्केच सांगत नाही, त्यासाठी वेगळं गणित करून घ्या.